ब्लॅक मँटाची नेमकी पॉवर कोणती?

सागरगोटा:
चार दिवस घरात एकच वाद चाललाय, म्हणून इथे विचारतेय. मुलगा पाचवीत आहे. वहीच्या मागच्या पानांवर त्याने व्हिलन लोकांचा तक्ता केलाय. नाव, कुणाचा शत्रू, पॉवर, कमजोरी असे चार रकाने. ॲक्वामॅनच्या, म्हणजे कॉमिकमधल्या समुद्राच्या राजाच्या, शत्रूंपाशी येऊन गाडी अडली आहे. ब्लॅक मँटाच्या ओळीत 'पॉवर'चा रकाना रिकामा. दोनदा लिहून खोडलंय, तिथला कागद पार पातळ झालाय.

आधी त्याने लिहिलं, 'डोळ्यांतून लाल किरण'. मीच म्हटलं, अरे ते हेल्मेटमधून निघतात. मग लिहिलं, 'पाण्यात श्वास घेतो'. तोही सूटमुळेच. तेव्हा त्याने विचारलं, "म्हणजे सूट काढला की तो बाबांसारखाच ना? मग समुद्राच्या राजाला तो पुरून कसा उरतो?"

मला स्वतःला असं वाटतं की अंगात काहीच नसताना राजासमोर उभा राहतो, म्हणूनच मँटा त्या सगळ्यांत जास्त धडकी भरवतो. पण हे काही रकान्यात मावेना. जाणकारांनी सांगा, तिथे काय लिहावं?

तिसरीघंटा:
'पैसा' लिहा. बॅटमॅनच्या ओळीतही तेच चालेल, पोराची मेहनत वाचेल.

कैरी:
'राग'. एका शब्दात.

वाचनवेडा:
ताई, प्रश्न फार आवडला. मँटा माझा लाडका विषय आहे, त्यामुळे जरा लांबण लागणार.

ॲक्वामॅन आला १९४१ साली. मँटा आला १९६७ मध्ये, 'ॲक्वामॅन'च्या ३५व्या अंकात. लेखक बॉब हेनी, चित्रकार निक कार्डी. म्हणजे नायकाला त्याचा खरा वैरी मिळायला पाव शतक लागलं. त्याच वर्षी टीव्हीवर ॲक्वामॅनची कार्टून मालिका सुरू झाली, तिच्यातही मँटा होता. गंमत म्हणजे सुरुवातीला त्याला ना नाव होतं, ना चेहरा, ना कारण. काळा पाणबुड्याचा सूट, बशीएवढ्या लाल डोळ्यांचं अवाढव्य हेल्मेट आणि मँटा माशाच्या आकाराची पाणबुडी, एवढंच. आत कोण आहे ते वाचकाला दहा वर्षं कळलं नाही.

माझ्या मते त्याची पहिली पॉवर हीच. चेहरा नसणं. निक कार्डीने काढलेले ते दोन लाल गोल बघा. पापणी नाही, बुबुळ नाही. त्यांच्याशी बोलणार काय आणि गयावया करणार कुणाकडे?

सागरगोटा:
बरोबर! लहानपणी मला त्या डोळ्यांचीच भीती वाटायची. पाणी भरलेली बादली अंधारात दिसली तरी ते आठवायचे.

मालवणी_माणूस:
कॉमिक मी फारशी वाचलेली नाहीत, पण मँटा म्हणजे आपल्या पाकटाच्या गोतावळ्यातला, म्हणून लिहितोय. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, पाकट आलं की आमचे आजोबा आम्हा पोरांना आधी लांब उभं करायचे. शेपटीवरचा काटा तोडून झाला की मगच जाळ्याला हात लावू द्यायचे. तो काटा पायात घुसला तर मोठा माणूससुद्धा रात्रभर कण्हतो. काट्याला करवतीसारखे दाते असतात आणि ते उलटे असतात, त्यामुळे जाताना कमी आणि काढताना जास्त फाडतो.

तर मुलाला सांगा, पॉवर म्हणून 'शेपटीचा काटा' लिही. नाव तसं, गुण तसा.

खोलपाणी:
मालवणीभाऊ, पाकटाबद्दल तुम्ही लिहिलंत ते सोळा आणे खरं. पण मँटा त्या बाबतीत अगदी गरीब. त्याची शेपूट चाबकासारखी दिसते, पण तिने डंख मारता येत नाही. सर्वांत मोठ्या मँटाचा पसारा सात मीटरपर्यंत जातो, आणि एवढं धूड जगतं कशावर, तर पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांवर. तोंड उघडं ठेवून पोहत राहायचं आणि पाणी गाळून खायचं. माशांमध्ये सर्वांत मोठा मेंदू त्याचाच. तोंडापुढे दोन पाळ्या असतात, त्या गुंडाळल्या की शिंगांसारख्या दिसतात. तेवढ्यावरून जुन्या खलाशांनी त्याला 'सैतान मासा' ठरवून टाकलं.

मी स्वतः पाणबुड्या आहे. कामानिमित्त बरीच वर्षं पाण्याखाली काढली. एकदाच मँटा डोक्यावरून गेलेला पाहिला. वरून येणारा उजेड काही क्षण बंद झाला, ढग आल्यासारखा. मग पांढरं पोट, गळ्याजवळच्या कल्ल्यांच्या फटी, आणि पुन्हा उजेड. त्याने माझ्याकडे पाहिलंही असेल, पण वाट बदलली नाही. इतक्या शांत जनावराचं नाव एका खुन्याला द्यावं, याचं मला आजही वाईट वाटतं.

मालवणी_माणूस:
घ्या, म्हणजे मी भलत्याच माशाला काटा चिकटवला. माहितीबद्दल आभार, भाऊ.

पाऊलखुणा:
'मँटा' हा मूळ स्पॅनिश शब्द, अर्थ घोंगडी किंवा चादर. म्हणजे आपला ब्लॅक मँटा झाला 'काळं घोंगडं'. आणि तो जन्मभर पाण्यात. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच!

तिसरीघंटा:
पाऊलखुणा, __/\__. पन्नासहून जास्त वर्षं सूड भिजत पडलाय, याहून चपखल नाव नाही.

निशाचर:
थोडा विरोध नोंदवतो. मँटाला उगाच डोक्यावर घेतलं जातं. ॲक्वामॅनचा खरा तोलामोलाचा शत्रू म्हणजे ओशन मास्टर, त्याचा सावत्र भाऊ ऑर्म. तो मँटाच्या वर्षभर आधी, १९६६ मध्ये आला. गादीचा वाद, एका रक्ताचे दोघे, सगळं महाभारत तिथे आहे. मँटाकडे काय आहे? सूट. सूट नाही तर काही नाही. शिवाय त्याचं मूळ किती वेळा बदललं! १९९०च्या दशकातल्या एका कथेत तो लहानपणी जहाजावर डांबलेला मुलगा. २००३ मध्ये आर्कम या बॅटमॅनच्या गोष्टींतल्या वेड्यांच्या इस्पितळात वाढलेला स्वमग्न मुलगा. मधे १९९५ मध्ये नेरॉन नावाच्या सैतानाला आत्मा विकून तो खराखुरा अर्धा मासा झाला होता. दर लेखकाने नवं काही चिकटवायचं आणि पुढच्याने ते पुसायचं. असं पात्र मनात घर कसं करणार?

वाचनवेडा:
निशाचर, मूळ सारखं बदललं हे मान्य. पण तुमच्याच यादीतली एक गोष्ट बघा. त्याला खरी, अंगची पॉवर देण्याचा प्रयत्न १९९५ मध्ये झाला, आणि तोच टिकला नाही. माशाचं तोंड आणि पंख दिल्यावर मँटा चार चौघांसारखा राक्षस झाला. पुढे सगळे मुकाट्याने हेल्मेटकडे परत आले. वाचकांना माणूसच हवा होता.

मूळकथांपैकी जी टिकली ती २०१२ची, जेफ जॉन्सने लिहिलेली, इव्हान रीसने काढलेली. मँटाला एका शास्त्रज्ञाने कामगिरी दिली, आर्थरच्या, म्हणजे ॲक्वामॅनच्या, रक्ताचा नमुना आण. त्या झटापटीत आर्थरच्या म्हाताऱ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. आर्थर सूड घ्यायला निघाला, मँटाच्या बोटीवर चढला, आणि ज्याला मारलं तो निघाला मँटाचा बाप. चुकीचा माणूस. तिथून दोघांच्या डोक्यावर एकेका बापाचं ओझं आहे. यात नायकाचेही हात रक्ताने माखलेत, म्हणून ही कथा मला सगळ्यांत सच्ची वाटते.

कैरी:
हे माहीत नव्हतं. सिनेमातही बापच आहे ना? पाणबुडीतला प्रसंग.

वाचनवेडा:
हो, २०१८च्या सिनेमात. पाणबुडीत पाणी भरतंय, बाप अवजड टॉर्पेडोखाली अडकलाय, मुलगा मदत मागतोय आणि आर्थर पाठ फिरवून निघून जातो. पुढे आर्थर स्वतःच कबूल करतो की तिथे चुकलं. आजोबांची गोष्टही त्यातच येते. ते दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाचे सुरुवातीचे पाणबुडे होते. पाण्यात इतके गुपचूप वावरायचे की तुकडीने त्यांना 'मँटा' नाव ठेवलं. युद्ध संपलं आणि देश त्यांना विसरला. नातवाकडे वारशात त्यांची सुरी येते. खोलपाणी, तुमच्या शांत माशाचं नाव तिथे एका शांत माणसाला दिलंय, एवढं समाधान माना.

खोलपाणी:
हे मात्र मनापासून आवडलं.

आता सूटबद्दल थोडं. अवांतर वाटेल, पण मुलाच्या रकान्याशी संबंध आहे. पाण्यात दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. चाळीस मीटरवर अंगावर पाचपट दाब. तिशीच्या पुढे नायट्रोजनची नशा चढायला लागते, शहाणा माणूस वेड्यासारखा हसतो. वर येताना घाई केली तर रक्तात बुडबुडे होतात. मऊ सूट घालून हे टळत नाही. टाळायचं तर चिलखतासारखा कडक सूट लागतो, ज्याच्या आत जमिनीवरचाच दाब राहतो. अमेरिकी नौदलाचा असा सूट घालून २००६ मध्ये एक पाणबुड्या ६१० मीटरपर्यंत गेला. पण त्यात माणूस फुगलेल्या बाहुल्यासारखा दिसतो, चाल कासवाची, बोटांच्या जागी चिमटे. मँटा अंगाबरोबर बसणाऱ्या सूटमध्ये तलवारबाजी करतो. म्हणजे कॉमिकच्या जगात त्याने ते करून दाखवलंय, जे आपल्या जगातल्या इंजिनियरांना अजून जमलेलं नाही.

पण एक खटकतं. लाल किरण! पाण्यात सर्वांत आधी मरतो तो लाल रंग. पहिल्या दहाएक मीटरांतच बहुतेक लाल शोषला जातो. वीस मीटरवर माझं बोट एकदा गंजक्या पत्र्याने कापलं होतं, तर रक्त चक्क हिरवट-काळं दिसत होतं. वर आल्यावर लाल झालं. त्यामुळे लाल किरण सोडला तर समोरचा मरायच्या आधी मधलं पाणीच तापेल. पाण्याखाली लांब पोचायचं तर निळा-हिरवा हवा.

तिसरीघंटा:
निळ्या डोळ्यांचा मँटा कुणाला घाबरवणार? गोड दिसेल.

निशाचर:
खोलसमुद्रातले काही ड्रॅगनफिश लाल उजेड टाकतात. बाकीच्या माशांना तो दिसत नाही, त्यामुळे शिकारीला कळतच नाही की तिच्यावर बॅटरी मारली आहे. मँटाच्या बाजूने एवढं तरी बोलतो. ऑर्मबद्दलचं मत तेच.

खोलपाणी:
वा! हे विसरलोच होतो. पण ते जवळच्या जवळ पाहण्यापुरतं. भिंत फोडायला नाही.

पाऊलखुणा:
बापाच्या सूडावरून मला आपला वेताळ, म्हणजे कॉमिकमधला फँटम, आठवला. आमच्याकडे काकांच्या ट्रंकेत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा होता, कोपरे वाळवीने खाल्लेले. वेताळाची सुरुवात काय आहे? १५३६ साल, समुद्रावर चाच्यांचा हल्ला, जहाजाचा कप्तान असलेला बाप डोळ्यांदेखत मारला जातो, मुलगा किनाऱ्याला लागतो आणि बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. समुद्र, बाप, खून, मुखवटा. मँटाची कुंडली हीच! मग एक घराणं पिढ्यानुपिढ्या देवासारखं पुजलं जातं आणि दुसरा राक्षस का ठरतो?

कैरी:
अंगावर काटा आला. कधी असा विचारच केला नव्हता.

निशाचर:
फरक शपथेत आहे. वेताळाने शपथ घेतली ती चाचेगिरीविरुद्ध, क्रौर्याविरुद्ध. मारेकरी तर आधीच मेला होता. मँटाची शपथ एका माणसाविरुद्ध आहे. तो माणूस जिवंत आहे तोवर मँटाला दुसरं आयुष्यच नाही.

पाऊलखुणा:
पटलं. पूर्ण पटलं.

वाचनवेडा:
याला जोडून १९७७ची कथा सांगायलाच हवी. 'ॲडव्हेंचर कॉमिक्स', अंक ४५२, लेखक डेव्हिड मिशेलिनी, चित्रं जिम अपारोची. मँटा ॲक्वामॅनच्या तान्ह्या मुलाला पळवतो आणि काचेच्या बंद गोळ्यात ठेवतो. ते बाळ पाण्यात श्वास घेणारं. मँटा गोळ्यात हळूहळू हवा भरत जातो. आपलं मूल पाण्यात बुडतं, ते मूल हवेत बुडतंय. आणि बापाला अट अशी, की ॲक्वालॅडशी, म्हणजे पोटच्या पोरासारख्या चेल्याशी, जिवानिशी लढ. बाळ वाचत नाही. तेव्हाच्या कॉमिकमध्ये असं घडत नसे. नायकाचं मूल शेवटच्या पानावर वाचायचंच.

त्याच अंकात मँटा पहिल्यांदा हेल्मेट काढतो आणि वाचकाला कळतं की तो कृष्णवर्णीय आहे.

सागरगोटा:
हा भाग मुलाला सांगणार नाही. माझ्याच्याने वाचून पुढे जाववेना. चहा ठेवला आणि परत आले.

परसदार_न्यूजर्सी:
बरेच दिवस वाचनमात्र होतो, इथे राहवलं नाही. चेहरा दिसला त्या प्रसंगाबद्दल. मँटा तेव्हा म्हणतो की जमिनीवर काळ्या माणसांना स्थान नाही, म्हणून त्याला समुद्राखाली त्यांचं राज्य वसवायचंय. एका वाक्यात किती मोठं कारण हातात आलं होतं! पण लेखकांनी ते पेललं नाही. पुढे त्याचाच एक साथीदार कॅल डरहॅम, तोही कृष्णवर्णीय, याला कळतं की मँटाला आपल्या लोकांशी काही देणंघेणं नाही, सगळा स्वार्थ आहे, आणि तो उलटतो. माझ्या ऑफिसातला एक कृष्णवर्णीय मित्र याच अंकांवर वाढलाय. तो म्हणतो, "लहानपणी आमच्यासारखा दिसणारा पाण्याखालचा एकच माणूस होता, आणि त्याने बाळ मारलं होतं." हे ऐकल्यावर मी बराच वेळ गप्प होतो.

त्याला दिलासा मिळाला तो २०१० साली. 'यंग जस्टिस' कार्टून मालिकेत नवा ॲक्वालॅड आला, काल्डर. हा मँटाचा मुलगा, आणि नायक. दुसऱ्या पर्वात तो बापाच्या गोटात शिरून त्याचा विश्वासू बनतो, आतून मात्र मित्रांसाठी काम करत असतो. मँटाला शेवटी कळतं तेव्हा हेल्मेटमागचा तो माणूस मला पहिल्यांदा कुणाचा तरी बाप वाटला. बाप आणि मुलगा दोघांना आवाज एकाच कलाकाराचा, खॅरी पेटनचा.

कैरी:
परसदार, लिहीत जा हो. तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा.

वाचनवेडा:
+१. आणि तुमच्या मित्राचं म्हणणं रास्त आहे. मी ती कथा इतकी वर्षं फक्त धाडस म्हणून वाचत होतो.

निशाचर:
काल्डरसाठी मात्र मी मँटाला दहापैकी दोन गुण वाढवून देतो.

अजून एक आठवलं. 'जस्टिस लीग अनलिमिटेड' या कार्टून मालिकेत हक्कांच्या भानगडीमुळे मँटाला घेता आलं नाही, तर त्यांनी 'डेव्हिल रे' नावाचा दुसराच पाणबुड्या उभा केला. खोलपाणी म्हणाले तो सैतान मासाच. नाव बदललं, सूट बदलला, आणि तरी सगळ्यांनी ओळखलं.

मालवणी_माणूस:
ताई, मूळ प्रश्न राहिला. पोराने शेवटी काय लिहिलं?

सागरगोटा:
तेच सांगायला आले. काल त्याला सगळे प्रतिसाद वाचून दाखवले, बाळाचा सोडून. 'पैसा' त्याने लगेच बाद केला, म्हणाला पैसा तर ऑर्मकडे जास्त असेल. 'राग' पण बाद. "राग तर मला पण येतो, मी कुठे पाणबुडी बनवतो?"

मग त्याने सिनेमातला तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. मँटाला अटलांटिसवाल्यांचं, म्हणजे समुद्राखालच्या राज्यातलं, चिलखत मिळतं, तो ते एकटा बसून उघडतो, वायरी जोडतो, चाचणी घेतो आणि पहिलं हेल्मेट किरण सुटताच फुटून जातं. तो जरा बघतो आणि म्हणतो, हेल्मेट मोठं करावं लागेल. मुलाने तिथे थांबवलं. वही आणली. त्या पातळ झालेल्या कागदावर जपून, पेन्सिल न दाबता लिहिलं: 'फुटलं की मोठं बनवतो.'

खोलपाणी:
काय पोरगं आहे! आमच्या कामातही पहिलं उपकरण फुटतंच. जो दुसरं बनवतो तोच परत खाली जातो. त्याला माझ्याकडून एक जुना डायव्हिंग मास्क भेट. पत्ता इथे नको, व्यक्तिगत निरोप करतो.

तिसरीघंटा:
माझा 'पैसा' मागे घेतो. हे उत्तर लई भारी.

वाचनवेडा:
ताई, कमजोरीच्या रकान्यात काय आहे?

सागरगोटा:
'बाबांची आठवण.' ते त्याने पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, ते एकदाही खोडलं नाही.

वाचनवेडा:
मग त्याला ही एक कथा सांगा, याच्यात भिण्यासारखं काही नाही. २०१३च्या अंकात मँटा ॲक्वामॅनचा त्रिशूळ घेऊन बापाच्या कबरीपाशी येतो. त्याच वेळी एक दुष्ट टोळी चंद्र जागेवरून हलवते, समुद्राला प्रचंड लाटा येतात, आणि कबर वाहून जाते. त्याच समुद्राने, ज्याच्यात तो जन्मभर राहिला. मग मँटा त्या टोळीविरुद्ध उभा राहतो. जग वाचवायला नव्हे, त्या कबरीसाठी.

सागरगोटा:
सांगते आजच. पानावर एक चित्रही आहे, मँटाची पाणबुडी, मागे लांब शेपूट आणि शेपटीला करवतीसारखा काटा. खोलपाणींचं वाचून झाल्यावर काटा खोडला आणि बाजूला लहान अक्षरांत लिहिलं, 'हा पाकटाचा.' आता विचारतोय की खरं पाकट कुठे बघायला मिळेल.

मालवणी_माणूस:
मे महिन्यात घेऊन या त्याला आमच्याकडे. पहाटे रापण ओढायला उभा करतो. पाकट आलं तर काटा निघेपर्यंत मात्र माझ्या मागे थांबायचं, हे आत्ताच कबूल करून घ्या.